एका आकड्याचे पंधरा

गल्लीत कुठलीही वस्तू महागली की ते सगळ्यात आधी पाटीवाल्याला कळायचं. दुकानदार आदल्या संध्याकाळी नुसता निरोप धाडायचे, "सकाळी ब्रश घेऊन ये." तेवढ्यावरून तो ओळखायचा की उद्यापासून अंडी तरी चढली, नाहीतर तेल तरी. सकाळी खांद्यावर शिडी आणि हातात रंगाचे दोन डबे घेऊन तो निघाला की दारादारांतून बायका विचारायच्या, "आज कुणाकडे हो?"

"तेलवाल्याकडे," तो म्हणायचा, आणि डबा या हातातून त्या हातात घेईपर्यंत चार जणी पिशव्या घेऊन त्याच्या पुढे पळालेल्या असायच्या. पाटी बदलेपर्यंत जुना भाव, हा गल्लीचा नियम होता, आणि शिडी घेतलेल्या माणसाला काही धावता येत नाही. या बायकांत बहुतेक वेळा सगळ्यात पुढे त्याचीच बायको असायची. तिला बातमी घरातच मिळायची ना!

"मांजर आडवं गेलं तर लोक थांबतात," तो स्वतःवरच हसायचा, "आणि मी आडवा गेलो तर पळत सुटतात. एवढाच काय तो फरक."

तो मूळचा असा आकडे लिहिणारा नव्हता. एके काळी तो अख्ख्या भिंती रंगवायचा. केसांच्या तेलाच्या जाहिरातीतली, गुडघ्यापर्यंत केस सोडून उभी असलेली बाई त्याने या रस्त्यावर सात ठिकाणी काढली होती आणि सातही ठिकाणी तिचे डोळे थोडे तिरळे आले होते. लोकांना वाटायचं, ही शैली आहे. त्यालाही पुढे पुढे तसंच वाटायला लागलं. मग फ्लेक्स छापणारे आले. मशीनमधून तासाभरात बाई बाहेर यायची, आणि तीही सरळ डोळ्यांची. पाटीवाल्याचं दुकान तेव्हाच बसायचं, पण त्याला महागाईने वाचवलं. दर दोन महिन्यांनी भाव बदलायला लागले, आणि एका आकड्यासाठी दरवेळी नवा फ्लेक्स छापणं दुकानदारांना परवडेना. मग त्यांनी भावापुरता पत्र्याचा चौकोन ठेवला आणि तेवढ्यासाठी पाटीवाल्याला बोलवायला सुरुवात केली. ज्या महागाईने घरात त्याचा जीव नकोसा केला होता, तीच बाहेर त्याला जेवू घालत होती. शिव्या तरी कोणत्या तोंडाने द्यायच्या?

त्याचा दर आकड्यावर होता. एका आकड्याचे पंधरा. जेवढे आकडे बदलतील तेवढ्यांचेच पैसे. त्यामुळे दुकानदारही हुशार झाले होते. अंडीवाला बासष्टवरून सत्तरवर जायच्या ऐवजी अडुसष्टवर थांबायचा, कारण मग एकच आकडा बदलावा लागे. वर गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुमच्यासाठी दोन कमी ठेवलेत." पाटीवाल्याला सगळ्यात आवडायचा एक. सरळ उभा, रंग कमी, काम झटपट. आणि सगळ्यात नावडता नऊ, कारण त्याला पोटही आणि शेपूटही. पण दुकानदारांचा जीव नेमका नवावर. नव्याण्णव लिहिताना त्याला स्वतःच्याच रंगाच्या डब्यात बुडून मरावंसं वाटायचं. मात्र एखाद्या वस्तूने नव्याण्णवचा उंबरा ओलांडून शंभर गाठले की एकदम तीन आकडे मिळायचे. साबणाच्या पावडरीने शंभर गाठले तेव्हा तो शीळ घालत घरी आला होता. बायकोने दारातच विचारलं, "काय हो, एवढा आनंद कसला?" त्याने सांगितलं. मग दोन दिवस त्याला स्वतःचे शर्ट स्वतः धुवावे लागले. साबणाशिवाय.

घरात तीन माणसं. तो, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. खोल्या दोन. आतली राहायची आणि पुढची कामाची. पुढच्या खोलीत दिवसा टर्पेंटाइनचा वास, आणि संध्याकाळी त्याच टेबलावर डबे बाजूला सारून मुलीचा अभ्यास. बायकोचा संसार इतका काटकसरीचा की पाहणाऱ्याला धाप लागावी. टूथपेस्टची नळी संपली की ती कात्रीने उभी चिरून आणखी चार दिवस चालवायची. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायची. बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत येतो पण आत दोन बिस्किटं कमी असतात, हे गल्लीत सगळ्यात आधी तिनेच पकडलं होतं, कारण ती मोजायची. "पुडा तेवढाच फुगलेला, आत मात्र हवा," ती म्हणायची, आणि का कोण जाणे, म्हणताना नवऱ्याकडे बघायची.

हे सगळं करूनही महिन्याचे पैसे पंचवीस तारखेलाच संपायचे. पुढचे पाच दिवस घर कसं चालायचं ते त्याने बायकोला कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यातच संसार टिकतो, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे उत्तराची भीती वाटायची.

आणि एवढं असून चौदा वर्षं त्याचा आकडा पंधरालाच होता. "भाव वाढले आहेत, क्षमस्व" हे वाक्य त्याने इतक्या दुकानांवर लिहिलं होतं की ते त्याला डोळे मिटूनही लिहिता आलं असतं. फक्त स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नव्हतं. प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा इस्त्रीवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "तुमच्याशी जरा बोलायचं होतं." पुढचं वाक्य घशातच अडकलं. इस्त्रीवाला वाट पाहत राहिला, तेव्हा ह्याने अंगातला शर्ट काढून दिला, इस्त्री करून घेतली, पैसे दिले आणि परत आला. अंडीवाल्याकडे तर कहर झाला. "आकड्याचा दर बदलावा म्हणतो," इथपर्यंत मजल गेली, पण अंडीवाल्याने नुसत्या भुवया उंचावल्या तर ह्याने घाईघाईने वाक्य पुरं केलं, "म्हणजे तुम्हाला बाराच!" तेव्हापासून अंडीवाला बाराच देत होता.

त्या महिन्याच्या वीस तारखेला वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाई खाली आल्या. सत्तरीच्या, एकट्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. हातात एक कोरा पत्रा होता.

"एक पाटी लिहून दे बाबा. 'पुढची खोली भाड्याने देणे आहे.' आणि खाली भाडं."

"कुठली खोली, मावशी?"

"ही रे. तुझीच."

मावशी स्टुलावर बसल्या. "मला काय हौस आहे का? गच्ची गळतेय, गवंडी बोलायलासुद्धा तयार नाही. गोळ्यांची पट्टी मागच्या वर्षीपेक्षा दीडपट झाली. मग भाडंही दीडपट. तुला जमत असेल तर ही पाटी मी माळ्यावर टाकते आणि तू सुखाने राहा. नाही जमलं तर एक तारखेला लावते. पण लिहून ठेव. लिहिणारा घरात असताना मी बाहेर कुठे जाऊ?"

यावर दुसऱ्या कुणीही भांडण काढलं असतं. पाटीवाल्याने काय केलं, तर पाटी लिहिली. बऱ्याच वर्षांनी आकड्यांऐवजी अक्षरं लिहायला मिळाली म्हणून त्याचा हात असा काही रंगला की त्याने अक्षरांना मागून निळी सावली दिली, कडेने बारीक वेलबुट्टी काढली. भाड्याचे चार आकडे. मावशींनी चार पंधरं साठ मोजून दिले, अक्षरांचे वेगळे दिले आणि म्हणाल्या, "छान काढलीस हो. बघताक्षणी खोली जाईल."

बायको बाजारातून आली तेव्हा पाटी भिंतीला टेकून वाळत होती. ती कौतुकाने थांबली. "सुरेख झालीय. कुणाची आहे?"

"आपलीच," तो म्हणाला.

तिने पाटी वाचली. पिशवी खाली ठेवली. पुन्हा वाचली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती त्याच स्टुलावर बसली.

"म्हणजे आपण तिघं आतल्या एका खोलीत. टर्पेंटाइन चुलीशेजारी. आणि पोरीची वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर," ती म्हणाली. "आणि तुम्ही या पाटीला वेलबुट्टी काढलीत."

"कडा मोकळ्या दिसत होत्या."

"अहो, दर वाढवा." हे ती इतक्या हळू म्हणाली की त्यापेक्षा ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "जास्त नको. पंचवीस करा. मी हिशेब केलाय. पंचवीस झाले तर खोली राहते. नाही तर नाही. अठ्ठावीस तारखेला बेकरीवाल्याकडे काम आहे ना? तो गल्लीतला मोठा. त्याने दिले की सगळे देतील."

मग आठवडाभर घरात तालीम चालली. बायको बेकरीवाला व्हायची. खुर्चीवर पाय पसरून बसायची, पोट पुढे काढायची आणि म्हणायची, "बोल, काय काम काढलंस?"

"मालक, गेली चौदा वर्षं..."

"चौदा वर्षं मी तुला काम देतोय, हो. पुढे?"

"तर आकड्याचा दर... पंचवीस..."

"पंचवीस? त्यापेक्षा मी खडूने स्वतः लिहीन! वेडा झालास का रे?"

"बरं, मग चौदा चालतील," पाटीवाला म्हणाला.

मुलगी वही तोंडावर धरून हसत सुटली. "बाबा, तुम्ही पंधरावरून चौदावर आलात!"

"तुझी आई बेकरीवाल्यापेक्षा भारी पडते गं," तो घाम पुसत म्हणाला. "खऱ्याशी बोलणं सोपं जाईल."

अठ्ठावीस तारखेला सकाळी तो शिडी घेऊन निघाला. "आज कुणाकडे हो?" "बेकरीवाल्याकडे." बायका पळाल्या. त्याची बायको आधीच जाऊन रांगेत उभी होती. पावाची लादी आजवर अठ्ठेचाळीसला होती, ती आता बावन्न व्हायची होती. दोन आकडे. पाटीवाल्याने शिडी लावली, जुन्या आकड्यांवर पांढऱ्याचा हात मारला, तो वाळेपर्यंत वरच बसून राहिला आणि मनातल्या मनात भाषण घोळवू लागला. 'मालक, पंचवीस. फक्त पंचवीस. पंचविसाच्या खाली परवडत नाही, मालक.' ओठ हलत होते, आणि हात आपला चालला होता. नाक पाटीला टेकलेलं असताना माणसाला आकडा दिसत नाही, नुसती वळणं दिसतात.

एरवी काम झालं की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, एक डोळा मिटून पाटी बघायचा. त्या दिवशी तो गेला नाही. पलीकडे गेलो तर तसाच घरी जाऊ, इतकं तो स्वतःला ओळखून होता. शिडी बोळात टेकवली आणि मागच्या दाराने तडक भट्टीच्या खोलीत शिरला.

बेकरीवाला बनियनवर पिठाचे गोळे कापत होता. "झालं? बस. चहा घे."

"मालक, जरा बोलायचं होतं. हल्ली भाव असे काही वाढलेत की..."

"माझ्यापुढे भावाचं नाव काढू नकोस!" बेकरीवाल्याने सुरी खाली ठेवली, आणि पुढची पंधरा मिनिटं पाटीवाल्याला ब्र काढता आला नाही. मैदा असा, साखर तशी, भट्टीचा गॅस म्हणजे तर रोज एक दागिना जाळल्यासारखा. दोन कामगार सोडून गेले. त्यात सासूबाई गल्ल्यावर बसतात आणि जावयाला धंदा कळत नाही असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. बोलता बोलता त्याने पिठाच्याच हाताने डोळे पुसले. पाटीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आपण इथे कशाला आलो होतो हे साफ विसरून तो म्हणाला, "असू द्या मालक. माझे आजचे तीस सावकाश पुढच्या महिन्यात द्या."

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. 'वा, चिरंजीव,' तो स्वतःला म्हणाला, 'मागायला आलात आणि देऊन चाललात.'

तेवढ्यात पुढून सासूबाईंचा आवाज आला. "अहो, आणखी पाव पाठवा! संपले!"

"संपले? सकाळी नऊ वाजता?" बेकरीवाला उठला. दोघं पुढे आले. दुकानापुढची रांग इस्त्रीवाल्याच्या पलीकडे गेली होती. सासूबाई दोन्ही हातांनी पाव देत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की जावयाने तसा तो लग्नातही पाहिला नसेल.

"जावईबापू," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही काहीतरी चांगलं केलंत. मला मात्र सांगायचं होतंत. पहिलं गिऱ्हाईक पंचवीस देऊ लागलं तर मी त्याच्यावर ओरडले. मग बाहेर जाऊन पाटी बघितली तेव्हा खरं वाटलं."

"पंचवीस?" बेकरीवाला पायरी उतरून रस्त्यात गेला आणि त्याने वर पाहिलं. पाटीवाल्यानेही पाहिलं. चांगले ठसठशीत, गोलाईदार, ओले चकचकीत आकडे. पाच आणि दोन दोन्ही होते, फक्त दोन आधी होता. 'आयुष्यात एवढा सुंदर दोन आपण काढला नव्हता,' एवढंच त्याच्या मनात आलं.

"थांबवा! चूक झालीय!" बेकरीवाला ओरडला. "बावन्न आहे भाव!"

"असं कसं?" रांगेतले निवृत्त मास्तर पुढे आले. "मागच्या महिन्यात मी दोन कमी करा म्हटलं, तर तुम्ही बोट वर केलंत आणि म्हणालात, पाटीवर आहे ते. आज आम्ही बोट वर करतोय."

सासूबाईंनीही मान डोलावली. बेकरीवाला गिऱ्हाइकाशी भांडू शकला असता, सासूबाईंशीही कदाचित. दोघांशी एकदम, तेही रस्त्यात, शक्य नव्हतं. त्याने ते गिळलं आणि पाटीवाल्याकडे वळला.

"तुला बावन्न सांगितलं होतं. हे पंचवीस कुठून आणलंस?"

पाटीवाल्याला त्याची बायको दिसली. तिच्या दोन्ही काखांत दोन दोन लाद्या होत्या, आणि तिला आत्ता कुठे उलगडा होत होता. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याला खोटं बोलणं सुचलंच नाही.

"तो..." तो म्हणाला, "तो माझा दर आहे, मालक. एका आकड्याचा. तुमच्याकडे मागायचा होता. सकाळपासून तेच घोकत होतो."

आधी इस्त्रीवाला हसला, मग सगळी रांग. "माझ्या दुकानावर स्वतःची जाहिरात करणारा हा पहिलाच!" बेकरीवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "चढ वर. पुस ते आधी."

पाटीवाला शिडी चढला. टर्पेंटाइनने पुसायचं सोडून, घाईत आणि लाजेत, त्याने पट्टी घेऊन खरवडायलाच सुरुवात केली. चौदा वर्षांचे थर होते. पांढरा, त्यावर आकडा, पुन्हा पांढरा, पुन्हा आकडा. तो चौकोन जखमेवरच्या खपलीसारखा वर आला होता. पट्टी खोल गेली आणि हातभर पापुद्रा एकदम निघून त्याच्या डोक्यावर पडला. खाली, अगदी तळाशी, एक जुना आकडा उघडा पडला. अठरा.

"अगंबाई," कुणीतरी म्हणालं, "अठराचा पाव!"

"मला आठवतो ना," दुसरी म्हणाली. "मोठीच्या वेळी दिवस गेले होते, मला पावाशिवाय काही जात नव्हतं. रोज एक लादी आणायचे हे."

"तेव्हा दोन लाद्यांना जेवढे लागायचे तेवढ्यात आज एक येत नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी चष्मा सारखा केला. "पाटीवाले, हा अठरा लिहिलात तेव्हा तुमचा आकडा कितीला होता?"

"पंधरा."

"आणि आज?"

"पंधरा." त्याने प्रामाणिकपणे भर घातली, "अंडीवाल्याला बारा."

रांगेतला अंडीवाला पाठ करून उभा राहिला. मास्तरांनी बोटांवर हिशेब मांडला. "म्हणजे तेव्हा हा एक आकडा लिहायचा आणि जवळजवळ एक लादी घरी न्यायचा. आज त्याच पैशांत चतकोर लादीहून जरासंच जास्त येईल. पावाच्या हिशेबाने याचा आकडा आज पंचवीस नाही, त्रेचाळीस व्हायला हवा."

आता बेकरीवालाही पाटीकडे बघत होता. "खरं सांगू का," तो हळूच म्हणाला, "दरवेळी पैसे देताना मला वाटायचं, हा आज मागेल."

"मग दिले का नाहीत हो?" खालून पाटीवाल्याची बायको म्हणाली.

"वहिनी, त्याने मागितलेच नाहीत." तो ओशाळून हसला. "मास्तर म्हणतात त्रेचाळीस, तर..."

त्या क्षणी पाटीवाल्याने नुसतं गप्प बसायचं होतं. देवाने माणसाला ओठ मिटण्यासाठीच दिलेत. पण सगळी गल्ली आपल्याकडे बघतेय या कल्पनेने तो शिडीवर इतका कासावीस झाला की दोन्ही हात हलवत ओरडला, "नाही नाही! त्रेचाळीस कसले! पंचवीस पुरे! पंचविसात भागतं आमचं!"

बायकोने डोळे मिटून घेतले.

"ठरलं मग," बेकरीवाला झटकन म्हणाला, कारण शेवटी तो बेकरीवाला होता. "पंचवीस. आणि आज स्वस्तात गेलेल्या लाद्यांचं नुकसान अर्धं माझं, अर्धं तुझं. कबूल?"

कबूल न करून सांगतो कुणाला! चौतीस लाद्या गेल्या होत्या. दरवाढीच्या पहिल्याच दिवशी पाटीवाल्याला बावन्नच्या दोन आकड्यांचे पन्नास मिळाले आणि त्याच्या नऊपट द्यावे लागले. "जगात पगारवाढ मिळाल्यावर घरून पैसे आणून भरणारा मी एकटाच," असं तो पुढे महिनाभर सांगत होता. ती भरपाई चार हप्त्यांत ठरली, तेवढी मात्र बेकरीवाल्याने मेहरबानी केली. बायकोने त्या चार लाद्या परत करायची तयारी दाखवली, पण सासूबाईंनी त्या परत घेतल्या नाहीत. "पाटीवर होतं ते," त्या म्हणाल्या. मग घरात तीन दिवस पाव. चहाबरोबर पाव, भाजीबरोबर पाव, आणि तिसऱ्या दिवशी पावाबरोबर पाव.

पण दराचं काम झालं होतं. पाटीवाल्याला कुणाकडे जाऊन घसा खाकरावा लागला नाही. अख्ख्या रांगेने ऐकलं होतं, आणि रांगेने ऐकलेलं दुपारपर्यंत पुढच्या चौकात पोचतं. दोन दिवसांनी सलूनवाल्याने दाढीचा भाव बदलायला बोलावलं. काम झाल्यावर पाटीवाला तोंड उघडणार, तर सलूनवाल्याने विचारलंच नाही. पंचवीस काढून हातावर ठेवले आणि गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावायला वळला. एवढंच. पाटीवाला पैसे धरून दारात उभा राहिला. त्याला आनंद व्हायच्या ऐवजी आधी रागच आला. निदान थोडी घासाघीस तरी करायची होती! चौदा वर्षं आपण ज्या वाघाला भीत होतो तो नुसता असा दार उघडून 'या' म्हणतो, याला काय अर्थ आहे? अंडीवाल्यानेही मुकाट्याने पंचवीस दिले. वर एक तडकलेलं अंडं दिलं.

एक तारखेला सकाळी तो वर गेला आणि मावशींच्या हातात नव्या दराने भाडं ठेवलं. त्यांनी पैसे मोजले, त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचाही सुस्कारा सुटला. "बरं झालं रे. नवा भाडेकरू म्हणजे नवी डोकेदुखी. आत्ताच सांगून ठेवते मात्र, गच्चीचं काम निघालं तर पुढच्या वर्षी पुन्हा वाढेल. मग म्हणू नकोस. ये आता, पंचवीस."

हे आणखी एक झालं होतं. गल्लीने त्याचं नावच पंचवीस करून टाकलं होतं. "पंचवीस, उद्या ब्रश घेऊन या." "आज कुणाकडे हो पंचवीस?" इस्त्रीवाला तर लांबून हात वर करून आकड्याचा आकार काढायचा.

संध्याकाळी मुलगी डबे सारून टेबलावर वह्या मांडत होती. तिला त्याने मावशींचं बोलणं सांगितलं.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुम्ही तीस करा."

"कसे करणार?" तो कळवळून म्हणाला. "माझं नाव पंचवीस पडलंय! तेलवाल्याला भाव वाढवायचा तर तो पाटी बदलतो. मला नाव बदलावं लागेल. असा अडकलेला माणूस तू पाहिलायस का?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात आली आणि तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"त्यात काय एवढं? लोकांना सवय लावायला वर्षभर वेळ आहे. मी आजपासूनच सुरुवात करते." आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो तीस! चहा घेता ना?"

पाटीवाल्याने धावत जाऊन खिडकी लावून घेतली. "हळू गं," तो म्हणाला, "बेकरीवाला ऐकेल!"